पाठ टेकण्याचा हक्क



गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नांदुरा तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. विहारात वंदना झाली आणि मग बायकांचा रक्तदाब, हिमोग्लोबिन बघण्याचे काम सुरू झाले. रांगेत बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. ती गोव्याला समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करण्याचे काम करते. सीझन सुरू होण्याआधी चार दिवस घरी आली होती. बायकांनी तिला विचारले, तिथे लोक एवढ्या लांबून कशाला येतात?

ती म्हणाली, "सकाळी फळी घेऊन समुद्रात जातात, लाटेवर उभं राहाले शिकतात. संध्याकाळी योगा करतात. पण तो आपल्या शाळेतल्यासारखा नाही. लोडावर, उशीवर नुस्तं पडून राहतात. आठ दिवसांचे लय पैसे देतात त्याचे."

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "पैसे देऊन पडाले जातात? मले तं फुकटातही कोनी पडू देत नाही!" सगळ्या खो खो हसल्या.

मग त्या मुलीची पाळी आली. रक्तदाब ठीक होता. काय त्रास होतो विचारले, तर म्हणाली, "पाठ लय दुखते मावशी." रोज लोड, गाद्या, चटया उचलून ठेवायच्या, ओल्या चादरी पिळायच्या, वाकून फरशी पुसायची. आम्ही सहज विचारले, "त्या लोडावर तू कधी पडून पाहिलं का?" तिने मान हलवली. "नाही. ते पाहुण्यांसाठी हाय."

दुसऱ्याच्या आरामासाठी लोड लावायचे आणि आपली पाठ धरून घरी यायचे, ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान विश्रांतीवर लिहीत आहोत.

ते शिबिर असते तरी काय?

गोव्यात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पर्यटनाचा हंगाम असतो. उत्तरेला हरमल, मांद्रे, अश्वे, मोरजी आणि दक्षिणेला आगोंद, पाटणे या किनाऱ्यांवर योगाची शिबिरे भरतात. काही ठिकाणी सोबत सर्फिंग शिकवतात. सर्फिंग म्हणजे लांब फळीवर पोटावर झोपून हातांनी वल्हवत लाटेपुढे जायचे आणि लाटेने फळी उचलली की झटकन उभे राहायचे. नवख्यांना मऊ फोमची फळी देतात. ती दोरीने पायाच्या घोट्याला बांधलेली असते. आधी वाळूवर उभे राहण्याचा सराव होतो, मग कमरेएवढ्या पाण्यात. पहिल्या दिवशी माणूस उभा कमी राहतो आणि पडतोच जास्त.

सर्फिंगने खांदे आणि पाठ थकते, म्हणून संध्याकाळी विश्रांतीचा योग. त्यात अंग ताणायचे नसते. लोड, घड्या केलेली ब्लँकेटे, खुर्ची, भिंत यांचा आधार अंगाला द्यायचा आणि एकेका स्थितीत पाच ते वीस मिनिटे शांत पडून राहायचे. जोर लावायचाच नाही, एवढाच त्याचा नियम.

हा प्रकार परदेशातून आलेला वाटतो, पण त्याची मुळे आपल्या पुण्यात आहेत. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली कर्नाटकातल्या बेल्लूर गावात झाला. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय आणि कुपोषणाने ते खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले आणि तिथेच राहिले. आजारी, वयस्क, ताठरलेल्या शरीराच्या माणसांना आसन जमावे म्हणून त्यांनी खुर्ची, दोरी, विटेसारखे लाकडी ठोकळे, लोड, घोंगडी यांचा आधार द्यायला सुरुवात केली. १९७५ साली त्यांची संस्था पुण्यात उभी राहिली. पुढे ज्युडिथ हॅन्सन लॅसॅटर या अमेरिकन शिष्येने त्यातला विश्रांतीचा भाग वेगळा करून तिकडे लोकप्रिय केला. तोच आता गोव्याच्या किनाऱ्यावर विकला जातो.

आपल्यातले काही बांधव योगाचे नाव काढले की नाराज होतात. मंत्र आणि पूजापाठ नको, हे त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. घडी केलेल्या गोधडीवर पाठ टेकायला कोणताही मंत्र लागत नाही. वस्तू आपल्या घरातल्या आहेत आणि शरीर आपले आहे.

तथागतांचीही पाठ दुखली होती

"आराम म्हणजे आळस" असे आपल्या घरात लहानपणापासून ऐकवले जाते, मुलींना तर जास्तच. त्यावर उत्तर म्हणून मज्झिम निकायातील सेख सुत्ताची गोष्ट सांगतो.

कपिलवस्तूला शाक्यांनी नवीन सभागृह बांधले होते. त्याचा पहिला वापर भगवंतांनी करावा म्हणून त्यांना बोलावले. भगवंतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मग ते आनंदाला म्हणाले की पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा पडतो. आपली संघाटी, म्हणजे वरचे चीवर, चार पदरी घडी करून त्यांनी खाली अंथरली आणि उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून ते आडवे झाले. यालाच सिंहशय्या म्हणतात.

भरसभेत तथागतांना पाठ दुखते हे सांगायला लाज वाटली नाही. काम सोबत्यावर सोपवायला संकोच वाटला नाही. आणि चार पदरी घडी केलेले वस्त्र अंगाखाली घेणे, हीच तर आजच्या त्या महागड्या वर्गातली पहिली कृती!

रिट्रीट ही कल्पनाही आपल्याला नवीन नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास असतो. तीन महिने भटकंती थांबवून एका जागी राहायचे. आपल्या बुलडाणा जिल्ह्याला लागूनच अजिंठा आहे. तिथल्या विहारांतल्या दगडी खोल्या भिक्खूंच्या मुक्कामासाठीच कोरल्या होत्या. २६ क्रमांकाच्या लेणीत महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे, तीही उजव्या कुशीवर आडवी. पुढच्या वेळी सहलीला गेलात तर मान, हात आणि पाय कसे सैल दाखवले आहेत ते नीट पाहा.

आजही पैशावाचून शिबिर करता येते. इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात, दहा दिवसांच्या राहण्या-जेवणाचे शुल्क घेत नाहीत, खर्च दानातून चालतो. मात्र तिथे दिवसाचे दहा तास बसावे लागते. पाठीचे दुखणे असेल तर अर्ज करतानाच स्पष्ट सांगा.

बाबासाहेबांनी फुरसतीचा विचार केला होता

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टी मिळण्याचा कायदा झाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणाने. माणसाला कष्टातून फुरसत मिळाल्याशिवाय त्याला बुद्धीचे, संस्कृतीचे जीवन जगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फुरसत मूठभरांपुरती राहू नये, ती सगळ्यांना मिळावी.

पण ते ४८ तास कारखान्याच्या गेटाच्या आत राहिले. कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, वीटभट्टीवर जाणारी, शहरात धुणीभांडी करणारी आपली बाई त्या हिशोबात आली नाही. तिचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होतो आणि रात्री भांड्यांवर संपतो. घरात तिचे तास कोणीच मोजत नाही, ती स्वतःसुद्धा मोजत नाही.

पडून राहिल्याने शरीरात काय होते?

आपण धावपळीत असतो तेव्हा हृदय जोरात चालते, श्वास उथळ होतो, मान-खांद्याचे स्नायू आवळलेले राहतात. संकटात हे गरजेचेच असते. पण रोजची मजुरी, कर्ज, घरातले दारूचे भांडण यांमुळे शरीर दिवसभर त्याच अवस्थेत अडकते. मग झोप लागत नाही, डोके दुखते, अपचन होते, पाठ धरते. अंगाला सगळीकडून आधार मिळाला आणि श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा जास्त झाला, की शांत करणारी मज्जासंस्था काम सुरू करते. नाडी मंदावते आणि आवळलेले स्नायू सुटू लागतात.

घरी करायचे तीन प्रकार सांगतो. पोट फार भरलेले नसावे. दोन गोधड्या, एक उशी, एक खाट किंवा खुर्ची आणि एक रिकामी भिंत, एवढे पुरे.

पहिला प्रकार, खाटेवर पाय. जमिनीवर गोधडी अंथरून उताणे झोपा. दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून पिंढऱ्या खाटेवर किंवा खुर्चीवर ठेवा. डोक्याखाली पातळ घडी घ्या. कंबर जमिनीला आपोआप टेकते. दहा मिनिटे. वाकून काम करणाऱ्या बाईला हा सगळ्यात उपयोगी.

दुसरा प्रकार, भिंतीला पाय. भिंतीजवळ कुशीवर झोपून वळा आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर ठेवा. कमरेखाली घडी केलेली गोधडी घ्या. पाच मिनिटे. दिवसभर उभे राहून पाय जड होणाऱ्यांना बरे वाटते.

तिसरा प्रकार, कुशीवर. उजव्या कुशीवर झोपा, उशी मानेखाली, दुसरी घडी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. दहा मिनिटे. गरोदर बाईने डावी कूस घ्यावी. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणे झोपू नये, कारण गर्भाशयाचे वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येते.

तिन्हीत श्वास नाकाने घ्या. मनात तीन मोजेपर्यंत आत आणि पाच मोजेपर्यंत बाहेर. श्वास कोंडू नका. ज्यांना आनापानसतीचा सराव आहे, त्यांनी नुसते श्वासाकडे लक्ष ठेवले तरी चालते. उठताना घाई करू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने बसा, एक मिनिट थांबा आणि मगच उभ्या राहा. रक्त कमी असणाऱ्या बाईला एकदम उठल्यावर चक्कर येते.

आराम हे औषध नाही, हेही लक्षात ठेवा

आम्ही वॉर्डात अनेक वर्षे काम केले आहे. "बाईची पाठ दुखणारच" म्हणून घरात बसवलेल्या बायका उशिरा दवाखान्यात आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून पुढच्या गोष्टी असतील तर गोधडी बाजूला ठेवा आणि आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा.

पाठदुखीसोबत पायाला मुंग्या येणे किंवा बधिरपणा, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे: यातला शेवटचा त्रास असेल तर त्याच दिवशी जा. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. क्षय मणक्यालाही होतो. कंबरदुखीसोबत अंगावरून वास येणारे पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव, लघवीला जळजळ किंवा अंग बाहेर येणे असेल तर लाज बाजूला ठेवून नर्सबाईला सांगा.

एकच पाय अचानक सुजला, गरम आणि दुखरा झाला तर तो भिंतीला लावू नका आणि चोळूही नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, लगेच डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब आणि काचबिंदू असणाऱ्यांनीही भिंतीचा प्रकार करू नये.

थकव्याचे मोठे कारण रक्त कमी असणे हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५४ टक्के बायकांचे रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही पडून राहिले तरी अंगात जोम येणार नाही. लोहाची गोळी घ्या, लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही.

विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे, रक्ताची तपासणी सरकारी केंद्रात करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला थंड पाण्यात पोहणे, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. सहलीला समुद्रावर जाताना घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि पाण्याचे काय?

पाणी हा आपल्या इतिहासातला साधा विषय नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळाला. पण पाण्यात निर्भयपणे उतरणे आपल्या किती मुलामुलींना येते?

सर्फिंग हा श्रीमंतांचाच खेळ, असे समजायचे कारण नाही. तो मूळचा हवाई बेटांवरच्या लोकांचा. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी त्याला नाक मुरडले, पण त्यांनी तो सोडला नाही. त्यांच्यातल्याच ड्यूक काहानामोकू यांनी १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले आणि सर्फिंग जगभर नेले. आपल्या देशात केरळातल्या कोवळमला एका सामाजिक संस्थेच्या सर्फ क्लबने गरीब मुलांसाठी नियम केला, की जो शाळेत येईल त्यालाच फळी मिळेल. कर्नाटकातून पोटासाठी कोवळमला आलेल्या कुटुंबातला रमेश बुदिहाळ तिथेच घडला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकले.

बुलडाण्यात समुद्र नाही. पण विहिरी, धरणे आणि शेततळी आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यात मुले बुडतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरते, आत पडलेल्याला चढता येत नाही. प्रत्येक शेततळ्यावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवायला मालकाला सांगा. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका, दोर, साडी किंवा काठी फेका. मुलींसह सर्व मुलांना पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. पहिला धडा पाठीवर तरंगण्याचा असावा. हातपाय झाडणारा दमतो, सैल राहून तरंगणाऱ्याला मदत येईपर्यंत वेळ मिळतो.

कोकणात किंवा गोव्यात सहलीला गेलात तर पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. लाल बावटा असेल तिथे मुळीच नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या नजरेत असतो, तिथेच थांबा. ओढ आत खेचू लागली तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि हात वर करून मदत मागा.

रविवारची वीस मिनिटे

त्या दिवशी तपासणी संपल्यावर आम्ही विहारातच दोन सतरंज्या अंथरल्या. शेजारच्या घरांतून गोधड्या आणल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्याच. त्या मुलीला म्हटले, तूच लाव, तुला येते. तिने सराईतपणे घड्या घातल्या, सात बायकांना नीट झोपवले, कुणाच्या मानेखाली, कुणाच्या गुडघ्याखाली आधार दिला. मग आम्ही तिला म्हटले, आता तू. आठवी घडी आम्ही घातली.

ती पाच मिनिटांत झोपली. बाहेर पोरांचा गोंधळ चालू होता, लाऊडस्पीकर वाजत होता, तरी झोपली. म्हातारीने पोरांना दाराबाहेर काढले आणि स्वतः दारात बसून राहिली.

आता त्या वस्तीत दर रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटे गोधड्या अंथरतात. तेवढा वेळ लहान लेकरे सांभाळायला दोन पुरुष बांधव बसतात, आळीपाळीने. सुरुवातीला त्यांची थट्टा झाली, आता होत नाही.

तुमच्या वस्तीत विहार आहे, गोधड्या आहेत आणि थकलेल्या पाठीही आहेत. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. घरातल्या पुरुषांना आमचे एवढेच सांगणे: रात्रीचे पाणी तुम्ही भरा, भांडी तुम्ही विसळा आणि तेवढी वीस मिनिटे तिला कोणी हाक मारणार नाही, एवढे पाहा.

जय भीम.